लम्पी त्वचारोग आणि गोवंशाची रोगप्रतिकारशक्ती

लम्पी त्वचारोग (लम्पी चर्मरोग असेही म्हणतात) हा गाय-बैलांना आणि कमी प्रमाणात म्हशींना होणारा विषाणुजन्य रोग आहे. तीव्र ताप, लसीका ग्रंथींची सूज आणि अंगभर उठणाऱ्या घट्ट गाठी ही त्याची ठळक लक्षणे होत. हा रोग माणसाला होत नाही. महाराष्ट्रात २०२२ साली त्याची मोठी साथ आली आणि तत्कालीन अहमदनगर (सध्याचा अहिल्यानगर) जिल्हा सुरुवातीच्या बाधित जिल्ह्यांपैकी एक होता. या साथीत गाई-बैलांना टोचली गेलेली लस मुळात शेळ्यांच्या देवी रोगासाठी तयार केलेली होती. एका प्राण्याच्या रोगावरची लस दुसऱ्या प्राण्याला का वाचवते, किती वाचवते आणि कोणाला वाचवू शकत नाही, हे प्रश्न त्यामुळे प्रयोगशाळेपुरते मर्यादित राहिले नाहीत.

विषाणू आणि प्रसार

रोगाचा विषाणू पॉक्सविषाणूंच्या कुळातील कॅप्रिपॉक्स या प्रजातिगटात मोडतो. मेंढ्यांची देवी, शेळ्यांची देवी आणि लम्पी त्वचारोग या तीन रोगांचे विषाणू मिळून हा गट बनतो. तिघांच्या जनुकीय रचनेत सुमारे ९६ ते ९७ टक्के साम्य आहे. लम्पीच्या विषाणूचा जनुकसंच दुपदरी डीएनएचा, सुमारे दीड लाख आधारजोड्यांचा असून त्यात १५६ जनुके असावीत असा अंदाज आहे. विषाणूंच्या मानाने हा आकार बराच मोठा आहे, आणि त्यातील कित्येक जनुके केवळ जनावराची प्रतिकारयंत्रणा चकवण्यासाठी असल्याचे दिसते.

रोगाची पहिली नोंद १९२९ साली आफ्रिकेतील तत्कालीन उत्तर ऱ्होडेशियात (आताचा झांबिया) झाली. प्रथम तो विषबाधेचा किंवा कीटकदंशाचा परिणाम समजला गेला. तो संसर्गजन्य असल्याचे १९४० च्या दशकात स्पष्ट झाले. अनेक दशके आफ्रिकेपुरता राहिलेला हा रोग १९८८ मध्ये इजिप्तमध्ये व १९८९ मध्ये इस्राएलमध्ये आढळला. पुढे तो तुर्कस्तानमार्गे २०१५ मध्ये ग्रीसमध्ये व २०१६ मध्ये बल्गेरियात पोहोचला. भारतात त्याची पहिली नोंद २०१९ मध्ये ओडिशात झाली.

विषाणू मुख्यतः रक्त शोषणाऱ्या कीटकांमार्फत पसरतो. गोठ्यातील चावणारी माशी, डास आणि गोचीड हे त्याचे वाहक मानले जातात. माशी किंवा डास विषाणूला आपल्या शरीरात वाढवत नाहीत. रक्ताने माखलेल्या सोंडेवरून तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेला जातो. या अर्थाने ती एक उडती सुईच होय, आणि म्हणूनच लसीकरणाच्या वेळी प्रत्येक जनावरासाठी वेगळी सुई वापरण्याचा आग्रह धरला जातो. कीटक फार लांब जात नाहीत, पण बाजारात विकलेले, शर्यतीला नेलेले किंवा कामासाठी हलवलेले जनावर एका रात्रीत जिल्हा ओलांडते. रोगाच्या दूरवरच्या उड्या जनावरांच्या वाहतुकीने पडतात आणि जवळचा प्रसार कीटक करतात, असे साधारणपणे म्हणता येते.

संसर्गानंतर सहसा एक ते दोन आठवड्यांत ताप येतो. तो ४० ते ४१ अंश सेल्सिअसपर्यंत जातो. डोळ्यांतून व नाकातून स्राव येतो, खांद्यापुढील लसीका ग्रंथी सुजून हाताला लागतात आणि नंतर दोन ते पाच सेंटीमीटर व्यासाच्या गाठी उठतात. गाठ त्वचेच्या सर्व थरांतून खाली उतरलेली असते. तिचा मधला भाग मरून खपली पडली की खोल जखम उरते. सडांवर गाठी आल्यास कासदाह होऊन कासेचा एखादा भाग कायमचा निकामी होऊ शकतो. बैलाच्या पायांवर व पोळीवर सूज उतरल्यास त्याला उभे राहणेही अवघड होते. गाभण गाई गाभडतात, वळू काही काळ वंध्य होतात. मृत्यूचे प्रमाण सामान्यतः १ ते ५ टक्के असले तरी नुकसानीचा मोठा भाग जगलेल्या जनावरांत असतो.

तिसगाव परिसर आणि २०२२ ची साथ

तिसगाव हे पाथर्डी तालुक्यातील, अहिल्यानगर–पाथर्डी रस्त्यावरील गाव आहे. तालुका जिल्ह्याच्या पूर्वेस, बीड जिल्ह्याच्या सीमेला लागून, पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. कोरडवाहू शेतीला येथे दोन आधार आहेत. पहिला दुधाचा. संकरित गाई पाळून सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर दूध घालणे हे अनेक घरांचे रोजचे रोख उत्पन्न आहे. दुसरा ऊसतोडीचा. दसऱ्यानंतर पाथर्डी व शेजारच्या तालुक्यांतील मजूर कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. त्यांतील अनेकांबरोबर बैलगाडी व बैलजोडी असते. मुकादमाकडून घेतलेली उचल त्या जोडीच्या भरवशावर फेडायची असते. दोन्ही आधार गोवंशाचेच आहेत, आणि लम्पी हा गोवंशाचाच रोग आहे. (तिसगावजवळच्या मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो, गाढवांना हा रोग होत नाही.)

महाराष्ट्रात हा रोग प्रथम २०२० मध्ये गडचिरोली जिल्ह्यात नोंदवला गेला होता. २०२२ ची साथ गुजरात व राजस्थानातून पुढे सरकत आली आणि ४ ऑगस्ट २०२२ रोजी जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात चिनावल येथे राज्यातील पहिले बाधित जनावर आढळले. थोड्याच आठवड्यांत अहमदनगर, अकोला, धुळे, पुणे, बीड, लातूर, सातारा अशा जिल्ह्यांत रोग दिसू लागला. सप्टेंबरमध्ये ‘प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांस प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९’ अन्वये संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. गुरांचे बाजार, शर्यती, प्रदर्शने व वाहतूक यांवर बंदी आली. नेवासा तालुक्यातील घोडेगाव आणि श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी ही जनावरांच्या मोठ्या बाजारांची गावे याच जिल्ह्यात आहेत, त्यामुळे बंदीची झळ येथे विशेष बसली. मृत जनावरांसाठी राज्य शासनाने दुधाळ गाईमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० रुपये आणि वासरामागे १६,००० रुपये अशी मदत ठरवली. दुधातून रोग पसरतो अशी अफवाही या काळात फिरली. तिला शास्त्रीय आधार नव्हता.

लसीकरण सुरुवातीला बाधित गावाभोवतीच्या पाच किलोमीटर परिघात होत होते, नंतर ते राज्यातील सर्व गोवंशासाठी मोफत करण्यात आले. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रातील गोवंशाची संख्या सुमारे १ कोटी ३९ लाख आहे. देशभरात या वर्षी दीड लाखाहून अधिक जनावरे दगावली. त्यांत राजस्थानचा वाटा सर्वांत मोठा होता.

साथीची वेळ ऊसतोडीच्या दृष्टीने वाईट होती. त्या वर्षी दसरा ५ ऑक्टोबरला होता आणि राज्याचा गाळप हंगाम १५ ऑक्टोबरपासून ठरला होता. लस टोचल्यापासून पुरेशी प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीस टोचलेली बैलजोडी निघण्याच्या दिवशी अर्धवट संरक्षित असे. आणि कारखान्याच्या तळावर वेगवेगळ्या तालुक्यांतून आलेली शेकडो जनावरे शेजारी-शेजारी बांधली जातात.

शरीरातील प्रतिकार कसा घडतो

माशी चावल्यावर विषाणू त्वचेतच प्रथम वाढतो. तेथील भक्षकपेशी त्याला गिळून जवळच्या लसीका ग्रंथीकडे नेतात. ग्रंथी सुजते ती याच सुमारास, गाठी दिसण्याच्या आधी. त्यामुळे अनुभवी पशुवैद्य ताप असलेल्या जनावराच्या खांद्यापुढे हात फिरवून पाहतो. ग्रंथीत विषाणूचे तुकडे टी-पेशींना ‘दाखवले’ जातात. काही टी-पेशी बाधित पेशींचा थेट नाश करतात. काही इंटरफेरॉन-गॅमासारखे संदेशवाहक पदार्थ स्रवून भक्षकपेशींना अधिक आक्रमक बनवतात. काही बी-पेशींना प्रतिपिंडे बनवण्यास उद्युक्त करतात.

कॅप्रिपॉक्स विषाणूंबाबत यांतील पहिल्या दोन कामांचे, म्हणजे पेशीनिष्ठ प्रतिकाराचे, महत्त्व अधिक असल्याचे अभ्यासांतून दिसते. त्यामागे विषाणूची चाल आहे. तो दोन रूपांत असतो. एक रूप पेशीच्या आत राहते आणि पेशी फुटल्यावर बाहेर पडते. दुसरे जादा आवरण घेऊन पेशीतून निसटते. एका रूपाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याला निष्प्रभ करतीलच असे नाही. शिवाय विषाणू एका पेशीतून लगतच्या पेशीत सरळ शिरू शकतो, तेव्हा रक्तात फिरणाऱ्या प्रतिपिंडांच्या तो हाती लागत नाही.

याचा व्यवहारातील परिणाम गोंधळात टाकणारा आहे. लस घेतलेल्या कित्येक जनावरांच्या रक्तात प्रतिपिंडे मोजण्याइतकी सापडत नाहीत, तरीही प्रत्यक्ष संसर्गात ती तगतात. म्हणून रक्ततपासणीत प्रतिपिंडे नाहीत, एवढ्यावरून लस वाया गेली असा निष्कर्ष काढता येत नाही. पेशीनिष्ठ प्रतिकार मोजण्यासाठी रक्तातील पेशींना विषाणूच्या प्रथिनांशी भेटवून त्या किती इंटरफेरॉन-गॅमा स्रवतात हे पाहावे लागते. ही चाचणी ताज्या रक्तावर करावी लागत असल्याने दूरच्या गावांतून नमुने पाठवून ती करणे कठीण असते.

विषाणूही स्वस्थ बसत नाही. त्याच्या जनुकसंचात जनावराच्याच प्रतिकारप्रथिनांच्या नकला आहेत. एक नक्कल इंटरल्यूकिन-१० सारखी असून ती दाह शांत करण्याचा खोटा इशारा देते. काही प्रथिने इंटरफेरॉनला पकडून निकामी करतात, काही संदेशवाहकांचे बनावट ग्राहक म्हणून काम करतात. या झटापटीचा निकाल प्रत्येक जनावरात वेगळा लागतो. प्रयोगात सारखीच मात्रा दिलेल्या जनावरांपैकी निम्म्याच्या आसपास जनावरांत अंगभर गाठी उठत नाहीत, नुसता ताप येऊन जातो. एकाच दावणीवरची एक गाय अंथरूण धरते आणि दुसरी चरत राहते, याचे कारण बहुधा येथे आहे. मात्र गाठी नसलेल्या जनावराच्या रक्तातही काही दिवस विषाणू असू शकतो.

रोगातून बरे झालेल्या जनावराला दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर, प्रतिकारशक्ती मिळते आणि ते कायमचे वाहक बनून राहत नाही. विषाणूवर थेट चालणारे औषध उपलब्ध नाही. प्रतिजैविके दिली जातात ती जखमांतील जिवाणूंसाठी. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने नागवेलीची पाने, मिरी, मीठ व गूळ यांच्या चाटणाचा पारंपरिक उपचार सुचवला होता आणि तो अनेक गोठ्यांत वापरला गेला. लसीची जागा असा उपचार घेऊ शकत नाही, एवढे भान ठेवावे लागते.

शेळीची लस गाईला

एका प्राण्याचा सौम्य संसर्ग दुसऱ्याला गंभीर रोगापासून वाचवतो, ही कल्पना लसीकरणाच्या मुळाशीच आहे. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गाईच्या देवीचा द्रव वापरून माणसाला देवीपासून संरक्षण दिले. भारतात अशी पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तेव्हा गाईची लस माणसाच्या कामी आली होती. २०२२ मध्ये शेळीची लस गाईच्या कामी आली.

भारतात शेळ्यांच्या देवीवरील लस ‘उत्तरकाशी’ नावाच्या विषाणूवाणापासून भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने विकसित केली आहे. ही जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूची लस आहे. तिघा कॅप्रिपॉक्स विषाणूंची पृष्ठप्रथिने इतकी सारखी आहेत की शेळीच्या विषाणूवर प्रशिक्षित झालेल्या गाईच्या टी-पेशी लम्पीच्या विषाणूलाही ओळखतात. यास परस्पर-संरक्षण म्हणतात. साथ दारात असताना उत्पादनात असलेली आणि सुरक्षिततेचा अनुभव असलेली लस हाताशी असणे ही निर्णायक बाब ठरली.

तथापि परस्पर-संरक्षण पूर्ण नसते. इस्राएलमध्ये केलेल्या क्षेत्रीय तुलनेत मेंढीच्या देवीची लस दहापट मात्रेत देऊनही लम्पीच्याच विषाणूपासून केलेली ‘नीथलिंग’ लस अधिक परिणामकारक ठरली. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेली ही लस बाल्कन देशांत २०१६ पासून मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार त्या प्रदेशातील रोगाचे उद्रेक २०१६ मधील ७,४८३ वरून २०१७ मध्ये ३८५ वर आले. या लसीचे दोष दोन: काही जनावरांत टोचल्यानंतर लहान गाठी उठतात, आणि रोगाचाच जिवंत विषाणू नव्या प्रदेशात आणण्याची जोखीम असते. ही जोखीम काल्पनिक नाही. रशियात २०१७ पासून आणि पुढे पूर्व आशियात सापडलेले काही विषाणू लसीतील व जंगली वाणांच्या संकरातून झालेले आहेत. भारताने आधी शेळीची लस निवडली, यामागचे तर्कशास्त्र या पार्श्वभूमीवर समजते.

भारतीय वाणापासूनची लसही त्याच वर्षी पुढे आली. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या सहकार्याने रांची येथे २०१९ मध्ये मिळवलेला विषाणू पेशीसंवर्धनात सुमारे ५० वेळा वाढवून क्षीण केला. ‘लम्पी-प्रोव्हॅक-इंड’ नावाची ही लस १० ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर झाली. तिच्या उत्पादनासाठी डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर येथे पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेशी करार करण्यात आला.

साथीच्या ऐन भरात टोचणी सुरू झाली की एक गैरसमज हमखास पसरतो. लस टोचल्यावर चार-सहा दिवसांत काही जनावरांना गाठी येतात आणि ‘लसीनेच रोग झाला’ असे बोलले जाते. प्रत्यक्षात अशा बहुतेक जनावरांत संसर्ग टोचण्यापूर्वीच झालेला असतो. रोगाचा सुप्तकाळ एक-दोन आठवड्यांचा आणि लसीचा परिणाम दिसण्याचा काळ तीन आठवड्यांचा, हे दोन कालखंड एकमेकांवर येतात. लस जिवंत विषाणूची असल्याने ती थंड साखळीत ठेवावी लागते आणि पातळ केल्यावर काही तासांतच संपवावी लागते. बर्फ वितळलेल्या पेटीतील मात्रा टोचली, तर नोंदवहीत लसीकरण होते, जनावराच्या शरीरात होत नाही.

चीक आणि वासरू

लसीकरणानंतरही रोगापुढे उघडी राहते ती वासरे. त्याचे कारण गाईच्या वारेच्या रचनेत आहे. माणसात आईची प्रतिपिंडे नाळेवाटे गर्भात जातात. गाईची वार मात्र अनेक थरांची असल्याने प्रतिपिंडांसारखे मोठे रेणू तीतून पलीकडे जात नाहीत. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडे जवळपास नसतात. ती त्याला मिळतात फक्त चिकातून.

हा मार्गही थोडा वेळच खुला असतो. नवजात वासराचे आतडे प्रतिपिंडे न पचवता अख्खी शोषून घेते, पण ही क्षमता तासागणिक घटते आणि सुमारे २४ तासांत संपते. पहिल्या सहा तासांत पोटात गेलेला चीक सर्वांत मोलाचा असतो. पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या सुमारे एक-दशांश चीक पाजावा, असा सर्वसाधारण सल्ला आहे. वार पडेपर्यंत वासराला पाजू नये, ही ग्रामीण महाराष्ट्रात अजून आढळणारी समजूत म्हणूनच घातक आहे. वार पडायला कधी आठ-दहा तास लागतात, आणि तोवर आतड्याचे दार बरेचसे मिटलेले असते. खरवसासाठी चीक शेजारीपाजारी वाटण्याची पद्धत जुनी व प्रेमाची आहे. वासराचे पोट भरल्यावर उरलेल्या चिकाने ती पाळता येते.

चिकातून मिळालेले संरक्षण उसने असते आणि काही महिन्यांत ओसरते. शिवाय ते असेपर्यंत लसीतील विषाणूलाही ते निष्प्रभ करते, त्यामुळे लसवंत गाईच्या वासराला फार लवकर लस देऊन उपयोग होत नाही. म्हणून साधारण चार महिन्यांवरील वासरांना लस देण्याचे धोरण ठेवले गेले. आईकडून आलेली प्रतिपिंडे संपत आलेली आणि स्वतःची अजून नाहीत, अशी मधली पोकळी प्रत्येक वासराच्या आयुष्यात येते. वर्षातून एकदा मोहीम घेतल्यास मोहिमेनंतर जन्मलेली वासरे पुढच्या मोहिमेपर्यंत याच पोकळीत राहतात. २०२३ मध्ये राज्यात रोगाने पुन्हा डोके वर काढले, तेव्हा वासरांच्या संरक्षणाचा प्रश्न ठळकपणे पुढे आला. ज्या गाईला ना लस मिळाली ना रोग झाला, तिच्या वासराला हा चार महिन्यांचा नियम लागू होत नाही. त्याला कोणत्याही वयात लस देता येते.

देशी, संकरित आणि रोगाची तीव्रता

अहिल्यानगर जिल्ह्यातील दुग्धव्यवसाय मुख्यतः होल्स्टीन व जर्सी यांच्या संकरित गाईंवर उभा आहे. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या तिहेरी संकरातून ‘फुले त्रिवेणी’ ही गाय विकसित केली आहे. त्याच जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात डांगी ही स्थानिक जात टिकून आहे. रोगप्रतिकाराच्या अभ्यासासाठी असे वैविध्य उपयुक्त असते.

देशी जनावरे काही रोगांना अधिक समर्थपणे तोंड देतात, याचा चांगला पुरावा गोचीड तापाबाबत आहे. थायलेरिया या एकपेशी परजीवीमुळे होणारा हा रोग संकरित गाईंना मारक ठरतो. रॉस्लिन संस्थेशी संबंधित संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात होल्स्टीन वासरांना मारक ठरणारा संसर्ग साहिवाल वासरांनी सोसला. त्यांच्यात परजीवी शिरला नाही असे नव्हते. दाह पेटवणाऱ्या संदेशवाहकांचा पूर त्यांच्यात आला नाही. म्हणजे येथे जनावर वाचले ते प्रतिसाद आवरता घेतल्याने. प्रतिकारशक्ती जितकी तीव्र तितकी चांगली, या समजुतीला हा प्रयोग छेद देतो.

लम्पीबाबतही पातळ त्वचेच्या युरोपीय जातींत रोग अधिक तीव्र होतो, असे जगभरचे निरीक्षण आहे. पण त्यावरून ‘देशी गाय म्हणजे रोगमुक्त गाय’ असे समीकरण मांडणे चूक आहे. २०२२ मध्ये राजस्थान व गुजरातेत दगावलेल्या जनावरांत देशी गाई मोठ्या संख्येने होत्या. ज्या कळपाने विषाणू कधी पाहिलेला नाही, त्याला जातीचा आधार थोडाच मिळतो.

बुळकांडीचा दाखला

गुरांच्या रोगप्रतिकाराचे भारतातील संस्थात्मक संशोधन महाराष्ट्रातच सुरू झाले. ‘इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ ही प्रयोगशाळा ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात स्थापन झाली. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख होते. रोगजंतूंवरील काम वस्तीपासून दूर व थंड हवेत व्हावे म्हणून ती १८९३ मध्ये कुमाऊँतील मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली. तीच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था होय. तिच्यापुढचा मुख्य शत्रू बुळकांडी हा होता.

तेथेही वाट शेळीतूनच निघाली. जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२० च्या दशकात बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा शेकडो वेळा नेला. शेळीला सरावलेला तो विषाणू गाईत सौम्य झाला आणि एका टोचणीत दीर्घ संरक्षण देऊ लागला. देशी पठारी जनावरांना ही लस मानवली, परदेशी व संकरित जनावरांना मात्र ती जड जाई. पुढे वॉल्टर प्लाउराइट यांच्या पेशीसंवर्धित लसीने हा दोष दूर केला. भारतात राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम १९५४ मध्ये सुरू झाला, शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये नोंदवला गेला आणि २०११ मध्ये हा रोग जगातून संपल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पूर्णपणे नष्ट केलेला हा दुसरा रोग आहे.

बुळकांडीच्या विषाणूचा एकच प्रतिजनप्रकार होता आणि एका लसीने जवळपास आयुष्यभर संरक्षण मिळे. लाळ्या-खुरकुताची गोष्ट उलट आहे. भारतात त्याचे ओ, ए आणि आशिया-१ असे तीन प्रकार फिरतात, एकाविरुद्धचे संरक्षण दुसऱ्यावर चालत नाही, लस मृत विषाणूची असल्याने तिचा प्रभाव काही महिनेच टिकतो आणि दर सहा महिन्यांनी टोचावे लागते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ही टोचणी समाविष्ट आहे. लम्पीचे स्थान या दोहोंमध्ये आहे. विषाणू बुळकांडीसारखा स्थिर, प्रतिकारशक्ती टिकाऊ. पण प्रसार कीटकांमार्फत होत असल्याने गोठ्याचे दार बंद करून तो थांबत नाही, आणि कळपातील सुमारे ८० टक्क्यांहून अधिक जनावरे संरक्षित असल्याशिवाय साखळी तुटत नाही.

निदान आणि भेद ओळखणारी लस

निदान गाठीतील ऊती, खपली किंवा रक्त यांच्या पीसीआर चाचणीने होते. राज्यात पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण प्रयोगशाळा आणि देशपातळीवर भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था हे काम करतात. प्रतिपिंडांच्या चाचणीची अडचण अशी की शेळीची लस, लम्पीची लस आणि प्रत्यक्ष रोग या तिन्हींनंतर निर्माण होणारी प्रतिपिंडे जवळपास सारखीच असतात. त्यामुळे सर्व जनावरांना लस दिल्यानंतर एखाद्या भागात विषाणू अजून फिरत आहे की नाही, हे रक्ततपासणीने सांगता येत नाही. कानातील बारा अंकी बिल्ल्यावर कोणती लस कधी दिली याची नोंद ठेवणे, एवढाच आधार उरतो.

यावर उपाय म्हणजे खूण असलेली लस. तिच्यातील विषाणूत एखादे प्रथिन नसते. नैसर्गिक संसर्ग झालेल्या जनावरात त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात, लसवंत जनावरात सापडत नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘बायोलम्पीव्हॅक्सिन’ या भारतीय लसीला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडून परवाना मिळाला. लसवंत व बाधित जनावरांतील असा भेद करता येतो, हे तिचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले गेले आहे. ती तीन महिन्यांवरील जनावरांना वर्षातून एकदा द्यावयाची आहे.